आईच्या टाचेचं हाड

झेंडूच्या वाफ्यात चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, हा आमच्या मळ्यात आईचा कायदा. फुलं देवाला जायची, म्हणून. कोबीच्या वाफ्यात बूट घालून नाचलात तरी तिची हरकत नसे; कोबी काय, माणसंच खातात. गंगापूर रोडच्या पलीकडे नव्वदच्या दशकात अजून मळे होते, त्यातलाच एक आमचा. कुंपण बाभळीच्या काट्यांचं. अनवाणी पाय आणि बाभळीचं कुंपण यांची गाठ कधी ना कधी पडणारच होती.

दसऱ्याच्या तोडणीत आईच्या टाचेत काटा मोडला. सुईनं अर्धा निघाला, अर्धा आतच राहिला. संध्याकाळी वडिलांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं उकळतं तेल टाचेवर सोडलं. मोडलेल्या काट्याला आमच्याकडे हेच औषध. वडिलांच्या स्वतःच्या टाचांवरही असे काळे डाग होते. आईनं टाच आपणहून पुढं केली होती. कातडी जळून टणक झाली, जखमेचं तोंड बंद झालं, आणि सकाळी ती फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात उभी.

पुढं कित्येक महिने टाच ठणकत राहिली. मधूनच ताप यायचा. मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, दवाखान्यात चल म्हणून मी तिच्या मागं लागले की ती म्हणायची, "तुझे जंतू तुझ्यापाशी ठेव." मग एकदा टाच फुटली, पू वाहून गेला आणि ठणका थांबला.

"दुखायचं थांबलं, म्हंजी बरं झालं," वडील म्हणाले आणि देवापुढं नारळ फोडून आले. त्या खोबऱ्याचा तुकडा मीही आनंदानं खाल्ला. त्यांचा तो उजळलेला चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो.

वर्षभरानं पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला, तेव्हा कुठं ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. टाचेचं हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं.

"जंतूंनी हाड खाल्लं?" आईनं विचारलं.

"जंतूंनी थोडं, मावशी. बाकीचं तुमच्याच शरीरानं." डॉक्टर घाईत नव्हते, हे आमचं नशीब. "हाड म्हणजे दगड नाही, जिवंत असतं. हाड बांधणाऱ्या पेशी असतात. जंतूंची चाहूल लागली की त्या हाका मारतात. लढणाऱ्या पेशी रक्तातून धावत येतात. पण त्याच हाकांनी हाड पोखरणाऱ्या पेशीही जाग्या होतात. लढाई लांबली की हाडच संपत जातं."

आमच्या चाऱ्याच्या गंजीला आदल्या उन्हाळ्यात आग लागली होती. आई म्हणाली, "विझवाया आलेल्यांनी वाफे तुडवले, तसंच हाय हे." डॉक्टरांनी मान डोलावली. मग तिनं विचारलं, "पाय ऱ्हाईल का?" यावर मात्र ते हाड खरवडायच्या ऑपरेशनची तारीख लिहू लागले.

हाड खरवडलं, इंजेक्शनं झाली, पुन्हा खरवडलं. शेवटी गुडघ्याखालून पाय काढला. वडिलांनी घरातले बिब्बे डब्यासकट उकिरड्यावर टाकले. "मीच दिला चटका," ते म्हणत राहायचे. "अन् टाच कुणी पुढं केली?" आई त्यांना दटावायची. वडिलांना रडताना मी त्याच दिवसांत पाहिलं.

पुढं मी हाच विषय शिकवू लागले. दोन हजार सालानंतर कधीतरी, तासाची तयारी करताना वाचलं, की काही जंतू हाका मारणाऱ्या त्या पेशींच्याच आत शिरून दडून बसतात. तिथं औषध धड पोचत नाही, लढणाऱ्या पेशींनाही ते दिसत नाहीत. सगळं शांत वाटतं. मला नारळ आठवला. त्या दिवशी मी वर्गावर गेले नाही, स्टाफरूममध्ये तोंड फिरवून बसून राहिले.

पण सांगायचं आहे ते त्याआधीचं. रबरी पाय बसवल्यानंतरचा पहिला दसरा. आई काठी टेकत मळ्यात आली, बांधावर बसली आणि तिनं दोन्ही पायांतल्या चपला काढल्या.

"त्या पायातली कशाला काढतेस?" मी चिडवलं.

"देवाला काय सांगू, एकच पाय अनवाणी हाय?"

तिनं दोन ओळी फुलं तोडली आणि दमली. नेहमीसारखी पाण्याच्या पाटाकडेला बसून तिनं दोन्ही पाय धुतले. रबरी टाच हातात घेऊन, काटा मोडला होता त्या जागी अंगठा दाबून पाहिला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दुखतं का गं?"

"नाय," ती म्हणाली. "दुखत व्हता तवर माझा व्हता."

आणि पदरानं तिनं तो पाय पुसून कोरडा केला.