कापसावरची खाट

हे ऐकून तुम्ही हसाल. हसा, मीही हसले होते, तेच तर सांगायचं आहे.

त्या साली माझा डावा पाय मोडला. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. पाय वाकेना, म्हणून ऑटोत मी मावेना. दीड महिना खाटेवर पडून. घरात एकटी, शेजारीण भाकर आणून द्यायची. देवाला रोज एकच मागायचे, नाताळाला सीमेवरच्या भैंसा गावच्या चर्चात पोचव, पायाचं मग बघू. उपासनेचं पहिलं गीत लग्न होऊन आल्यापासून मीच उचलते. मालक गेले त्या महिन्यातही उचललं होतं. यंदा चुकलं तर मी नुसती मोडक्या पायाची म्हातारी उरेन, असं मनानं घेतलं होतं.

शेजारणीचा नवरा नाताळाच्या सकाळीच टेम्पोनं कापूस घेऊन भैंशाच्या जिनिंग कारखान्याला निघाला. कापसाला कुठली आली सुट्टी. म्हणाला, "मावशी, कापसावर येता का? आदी तुमाले चर्चात सोडतो."

चौघांनी मला खाटेसकट वर चढवलं, दोरानं बांधलं. नवं लुगडं, केसात शेवंती, छातीवर गीतांचं पुस्तक. वाटेतले लोक मला पाहून टोपी काढायचे, हात जोडायचे. मीही पडल्या पडल्या हात जोडायची, मग ते दचकायचे.

जिनिंग गावाच्या तोंडाशीच. तिथं रस्त्यावर आलेल्या गाड्यांच्या रांगेत आम्ही असे अडकलो की पुढं टेम्पो, मागं ट्रॅक्टर. सरकत सरकत थेट वजनकाट्यावर. मुनीमानं मान वर न करता वजन लिहिलं, टेम्पो पुढं काढायला लावला, आणि मग त्याला मी दिसले.

आता तिथली रीत अशी, की भरली गाडी मोजायची, कापूस उतरवून रिकामी मोजायची, फरक तो कापूस. शेजारी म्हणाला, मावशीला सोडून येतो. मुनीम म्हणाला, "आजी भऱ्या गाडीत मोजल्या गेली. रिकाम्या गाडीतबी पाहिजे. नाहीतं आजीबी कापसातच जमा होते."

उपासना दहाची. दहा वाजून गेले होते. मी तोंडावर पदर घेतला. हमाल खाटेच्या भोवतीचा कापूस ओढत होते आणि मी हळूहळू खाली चालले होते, एकदा डोक्याकडून, एकदा पायाकडून. तिरपी झाले तशी शेवंती नाकावर आली. मला रडू येत होतं, आणि मधेच हसूच फुटलं. देवानं पोचवलं होतं हो भैंशाला, अंगभर कापूस लावून. मग मी गीत उचललं, तिरप्या खाटेवरूनच.

हमाल अर्धे तेलुगू बोलणारे. शब्द कुणाला येत नव्हते, पण ध्रुपद धरलं त्यांनी, त्याच ठेक्यावर कापूस ओढायला लागले. मुनीम बाहेर आला. म्हणाला, "आजी, आनखी एक म्हना. काम लवकर होऊन राह्यलं."

मी चार म्हटली. रिकामी गाडी काट्यावर गेली तेव्हा दोन हमाल गातच वर बसलेले. मुनीमानं त्यांना उतरवलं, मला नाही.

चर्चाशी पोचलो तर दाराला कुलूप. शेजाऱ्याचा चेहरा उतरला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. इतं गीत म्हनाचं होतं ना तुमाले?"

म्हटलं, "म्हणून झालं बाबू. चाल घरी. येवढा केसातला कापूस काढून दे."