एक माणूस पुरे

१९८४ साल. मी सदतीस वर्षांचा होतो. आज सून मेथी निवडायला बसली, ओल्या मुळांचा वास आला आणि हडपसरचं आमचं तेव्हाचं अंगण डोळ्यांपुढं आलं.

गावची बोली तपासायला कॉलेजातल्या एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "शहर जवळ आलं आणि इथलं जुनं बोलणं संपलं, असा माझा अंदाज आहे. तो खोटा ठरतो का, तेच बघायला आलेय. जुनं बोलणारं एक माणूस भेटलं, तरी मी अंदाज सोडून देईन."

मी चौथी शिकलेला, पण कमीपणा घेणारा नव्हे. धुतलेली टोपी घालून रेडिओवरच्या बातम्यांसारखा बोलू लागलो. शेजारी मेथी निवडणारी आई हसली. "आरं, ताप आलाय का तुला? घरात आसं बोलतूस व्हय?"

"तू आत जा," मी खेकसलो. "बाईंना शुद्ध बोलणारं माणूस हवंय."

आई भाजी तशीच टाकून आत गेली. बाईंनी टेप बंद केला. "दादा, माझा अंदाज खोटा पाडणारं माणूस तुम्ही आत पाठवलंत." त्यांनी आईला हाका मारल्या, पण ती बाहेर आली नाही.

तेव्हा मला लाज वाटली ती बाईंपुढं. आज वाटते ती आईपुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला नवं लुगडं नेसायला लावलं आणि बसनं कॉलेजात घेऊन निघालो. वाटेत ती हळूच म्हणाली, "तितं म्या कसं बोलू, ते आदी शिकीव."