कोंडाजीची पळी आणि उपग्रहाची डबी

महापालिकेच्या हिवताप खात्यात वीस वर्षं डासांच्या अळ्या शोधून कोंडाजीची मान कायमची खाली वळली होती. माणसांच्या तोंडांपेक्षा त्याला त्यांच्या जिन्याखालची पिंपं चांगली ओळखू यायची. एका हातात लांब दांड्याची पांढरी पळी, दुसऱ्या हातात औषधाची बादली आणि कानामागे खडू. कुंडीखालची ताटली म्हणा, फेकलेला टायर म्हणा, कुलरची टाकी म्हणा, साचलेलं पाणी त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. लोक त्याला बघून दार लावून घ्यायचे आणि हा गडी कडी वाजवत उभा राहायचा. "पाणी लपवाल कुठं? मी पाण्याचा मामा हाय!" असं वर आणखी ऐकवायचा.

पण २००६च्या भाद्रपदात मामा हरला. चिकुनगुन्याने निम्मं नाशिक भिंत धरून चालायला लागलं आणि सगळ्यात जास्त पेशंट निघाले ते कोंडाजीच्या बीटमधल्या, म्हणजे त्याच्या वाट्याच्या भागातल्या, बागेभोवती. साहेबांनी वही पुढ्यात आपटली.

"कोंडाजी, सहा आठवडे बाग निरंक लिहिलीय तुम्ही. मग हे डास काय पेठहून एसटीनं येतात? शनिवारपर्यंत उगम सापडला पाहिजे. नाहीतर बीट दुसऱ्याला देतो, तुम्ही ऑफिसात बसा."

ऑफिसात बसायची कल्पना कडूच होती. पण खरं दुखणं घरात होतं. त्याची बायको लंकाबाई गेली पंधरा वर्षं त्याच बागेच्या फाटकाशी बसून हार विकायची. बारा दिवसांपासून ती अंथरुणावर होती. बोटांत सुई धरवत नव्हती. "साऱ्या नाशकाचे डास धरता," ती चिडवायची, "अन् माझा तेवढा सुटला बघा तुमच्या हातून." म्हणायची हसून. पण चहाचा कप ती दोन्ही मनगटांत धरून उचलायला लागली की कोंडाजी उठून बाहेर जायचा.

शुक्रवारी सकाळी त्याने बाग तिसऱ्यांदा पालथी घातली. कारंजं कोरडं, झाडांच्या ढोल्या कोरड्या. आणि डास तर असे की बोलायला तोंड उघडावं तर दोन आत जावेत. तेवढ्यात मेंदीच्या कुंपणाखाली त्याला एक मुलगी दिसली. गुडघ्यांवर बसलेली, पँट मोज्यांत खोचलेली, एका हाताने स्वतःला फटके मारतेय आणि दुसऱ्या हातात जाडजूड पिवळं यंत्र.

"काय हरवलं, पोरी? कानातलं?"

"नाही काका, डबी शोधतेय."

मुलीचं नाव तेजस्विनी. इंजिनिअरिंगला होती. तिने सांगितलं ते ऐकून कोंडाजीने पळीच खाली ठेवली. पुण्याच्या कुणी माणसाने या बागेत एक डबी लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले होते. हे यंत्र आभाळातल्या उपग्रहांना विचारून त्या आकड्यांपाशी आणून सोडतं. पुढचं ज्याचं त्याने शोधायचं आणि डबीतल्या कागदावर नाव लिहायचं. जगभर लोक हे खेळतात. पाच महिने झाले, ही डबी अजून कुणाला सापडली नव्हती.

"बक्षीस काय?"

"काही नाही. पहिलं नाव आपलं!"

असला बिनफायद्याचा उद्योग करणारं आणखी कुणी या गावात आहे हे बघून कोंडाजीला विलक्षण आनंद झाला. साहेब, शनिवार, सगळं बाजूला राहिलं. "यंत्र कुठवर दाखवतं?" म्हणत तो तिच्यापुढेच निघाला. यंत्र मुलांच्या झोक्यांपाशी येऊन घुटमळायचं, दहा पावलं इकडे की दहा तिकडे. कोंडाजीने घसरगुंडीखाली हात घातला, बाकडी उलटीकडून चाचपली, पालापाचोळा उपसला. तासभर दोघं घामाघूम झाली, चावून चावून लाल झाली, आणि हाती भोपळा.

"आणखी काय लिहिलंय त्यानं?"

"एक खूण दिलीय. मान खाली घालून शोधणाऱ्याला मिळणार नाही."

हे कोंडाजीला भलतंच लागलं. कोण कुठला पुण्याचा माणूस, आणि आपल्याला बोलतो? रागारागाने त्याने मान वर केली, पाठीचा मणका कडकन वाजला. झोक्यांच्या कडेने कुंपणाचे पोकळ लोखंडी नळांचे खांब होते, डोक्यापेक्षा हातभर उंच. वरची प्लास्टिकची टोपणं उन्हाने कधीच तडकून गेलेली. सगळ्या खांबांना वर तोंड होतं, आणि ते उघडं होतं.

"अगं बया!" कोंडाजी ओरडला. त्याने औषधाची बादली रिकामी करून पालथी घातली, वर चढला आणि एकेका खांबात बोटं घालत सुटला. चौथ्यात तारेचा आकडा लागला. ओढला तशी फोटोच्या रोलची काळी डबी वर आली. तेजस्विनी टाळ्या पिटत नाचायला लागली. कोंडाजी मात्र बोटांकडे बघत होता. बोटं ओली होती. त्याने पळीचा दांडा आत बुडवून बाहेर काढला. टोकाच्या थेंबात दोन अळ्या वळवळत होत्या.

अडतीस खांब होते. एकतीस भरलेले निघाले.

दुपारपर्यंत त्याने माळ्याच्या ढिगातली वाळू आणून एकूण एक खांब गच्च भरला, आणि तेजस्विनीने कागदावर नाव लिहिल्यावर डबी तारेने खांबामागे बांधून दिली. मग बाकावर वही उघडून बसला. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. आठवड्यात डास कमी झाले असते आणि कोंडाजी शहाणा ठरला असता. पण त्याने लिहिलं, 'उगम: कुंपणाचे नळ, एकतीस. बाग पंधरा वर्षं माझ्याच बीटमध्ये. मी कधी वर पाहिले नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. बीट काढली नाही. उलट शनिवारी सकाळी सगळ्या माणसांना कोंडाजीच्या हाताखाली देऊन गावातले असे उघड्या तोंडाचे नळांचे खांब शोधायला पाठवलं.

दुपारी तो जेवायला घरी आला. भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"सापडलं, लंके."

"कुठं?"

"तू बसायचीस ना, त्याच्या मागंच. वीस पावलांवर. कुंपणाच्या पोकळ नळांत पाणी साचलेलं."

"म्हंजी मला चावला तो तुमच्याच बीटचा?"

"माझ्याच."

त्याला रडू फुटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तो बायकोसमोर रडला. लंकाबाईने आखडलेला हात कसाबसा त्याच्या पाठीवर ठेवला.

"गावात असले नळ अजून किती असतील?"

"लय. रस्त्याच्या पाट्या, शाळांची कुंपणं... मोजदाद नाय."

"मग हितं काय बसलात माझं तोंड बघत? उठा की! माझे गुडघे शेजारीण दाबून देईल. दुसऱ्या कुणाची बायको अशी पडायला नको."

कोंडाजी अर्धी भाकरी तशीच टाकून उठला, आणि चप्पल घालायचीही विसरून बाहेर पडला.