ताईचं निळं पातळ

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगते. तेव्हाही नव्हता. माझे वडील साताऱ्याला हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. घरात कुणी दृष्ट काढायला बसलं की ते पेपर बाजूला ठेवून निखाऱ्यावर मोहऱ्या का तडतडतात ते समजावून द्यायला लागायचे... काढणारीचा उत्साहच मावळायचा. अशा घरात वाढलेली मी. या सदरातले तुमचे सगळ्यांचे अनुभव नात मला वाचून दाखवते, आणि खरं सांगू का, निम्म्यांना मी हसते. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या अंगावर उठली होती — अगदी शब्दशः अंगावर — आणि नव्वदी ओलांडली तरी तिचा उलगडा झालेला नाही. मी सांगतेय, नात टाइप करतेय. चुका दिसल्या तर तिला बोला.

गोष्ट कलकत्त्याची, चौपन्न-पंचावन्न सालातली. हे रेल्वेच्या कचेरीत होते आणि गार्डन रीचला आम्हाला क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, लाल सिमेंटची गुळगुळीत फरशी, हिरव्या झडपांच्या खिडक्या. गच्चीवर गेलं की गंगा दिसायची, आणि गोदीकडे सरकत जाणारी जहाजं. जहाजाचा भोंगा वाजला की फडताळातल्या कपबशा थरथरायच्या. नवीन होते तेव्हा दचकायचे. मग सवय झाली. आता इथे पुण्यात चौथ्या मजल्यावर इतकं शांत असतं की कधीकधी तो भोंगा ऐकावासा वाटतो.

मी बिजवराला दिलेली. ह्यांची पहिली बायको लग्नानंतर दोनेक वर्षांतच विषमज्वराने गेली होती, त्याच क्वार्टरमध्ये. मूलबाळ नव्हतं. लग्नात सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्रात तिचा टाक ओवला. आजच्या मुलींना माहीत नसेल म्हणून सांगते — टाक म्हणजे नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. दुसरीने पहिलीला असं गळ्यात घालून वागवायचं, अशी आमच्याकडे रीत होती. सासूबाईंनी बजावलं, "नवं वस्त्र आलं की आधी तिला दाखवायचं. कुंकवाचं बोट लावायचं, 'ताई, घ्या' म्हणायचं, मग आपण नेसायचं. सवाष्ण गेलीय ती."

मी हो म्हटलं. नव्या नवरीला दुसरं काय म्हणता येतं! पण मनातून मला त्याची गंमत वाटायची. जिला कधी पाहिलं नाही, जिचा फोटोसुद्धा घरात नाही, ती माझ्या गळ्यात. आणि हे तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मी एकदा सहज विचारलं, "त्या कशा होत्या हो?" तर पेपरात डोकं घालून म्हणाले, "चांगली होती." संपलं! पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

ह्यांना एक हौस होती — पातळं आणायची. महिन्या-दोन महिन्यांनी कचेरीतून येताना हातात पुडकं असायचं. शांतिपुरी सुती पातळ, खळीने कडकडीत, नव्या कापडाचा तो गोडसर वास. मी हरखून जायचे. देवघरासमोर उभी राहून टाकाला कुंकू लावायचं, "ताई, घ्या" म्हणायचं, की घडी मोडायची.

पावसाळा सरत आला आणि माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या.

आधी कमरेला, मग पाठीवर, दंडावर. लालभडक, टपोऱ्या, आणि खाज अशी की भिंतीला पाठ घासावी. दोन दिवसांत बसायच्या, पुन्हा उठायच्या. मला वाटलं, पित्त. माहेरून आमसुलं दिली होती, त्यांचा कोळ अंगाला चोळला. गेरू लावला. स्वयंपाकघरात गेरूने रंगलेली मी, आणि दारात शेजारच्या बंगाली वहिनी, आमच्या बौदी. किंचाळल्याच त्या!

"ओ मा! ए की? चिंगडी खेयेछो?"

कोळंबी खाल्लीस का, असं विचारत होत्या. मी सांगितलं, आमच्याकडे मासे शिजत नाहीत. त्यावर बौदी ठाम, "तभी तो! मछली नहीं खाता, इसी लिए हुआ." मग त्यांनीच वांगी बंद करायला लावली, कडुनिंबाचा पाला उकळून दिला, मोहरीच्या तेलाने न्हायला घातलं. फार मायेची बाई. त्यांच्या हातचं न्हाणं मला अजून आठवतं, पण गांधींना त्याचं काही वाटलं नाही.

मी शास्त्राच्या मास्तरांची मुलगी. म्हटलं, एकेक गोष्ट बंद करून बघायची. साबण बदलला. तेल बदललं. विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेतलं. डाळ बदलली, तूप सोडलं. काही फरक नाही. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाबूंनी गुलाबी औषध दिलं आणि गळ्याकडे बघून म्हणाले, हा पत्रा काढून ठेवून बघा, कधीकधी धातू मानवत नाही. मी टाक काढून देवघरात ठेवला. गांधी उठायच्या त्या उठल्याच. टाक निर्दोष सुटला.

पण मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात देवस्थळी काकूंनी माझा दंड पाहिला, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिलीला तू चालत नाहीस गं. त्याच घरात गेली ना ती!"

मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन ह्यांना गंमत म्हणून सांगितलं, आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिलाही आधी अंगावर लाल ठिपकेच आले होते," हे म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याबद्दल एवढं लांब वाक्य ऐकलं मी. "मी ढेकूण चावले असतील म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ठरवूनच टाकलं. दुर्गापूजेनंतर कचेरीतले एक गृहस्थ कुटुंबासह मुंबई मेलने जाणार होते, त्यांच्या सोबतीने मी साताऱ्याला जायचं. बरं वाटेपर्यंत. मी विचारलं, "आणि नाही वाटलं तर?" हे जोडे चढवून कचेरीला निघाले.

मला रडू कोसळलं. मला जायचं नव्हतं हो! ते घर, ती गच्ची, बौदी, आणि हे... हा अबोल माणूस मला आवडायला लागला होता. आणि बिजवराची बायको एकदा माहेरी गेली की लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं. तिथून परत बोलावणं येईलच, याची खात्री कोण देणार? म्हटलं, जायच्या आत कारण सापडलंच पाहिजे.

आणि ते सापडलं, तेही पावसामुळे. दोन दिवस धुणं वाळलं नाही, म्हणून मी ट्रंकेतून माहेरची जुनी पातळं काढून नेसले. अंग लख्ख! तिसऱ्या दिवशी शांतिपुरी नेसले — संध्याकाळपर्यंत कमरेला गांधी. मग मी आलटून पालटून नेसून पाहिलं. माहेरचं नेसलं की बरी, ह्यांनी आणलेलं नेसलं की गांधी. खळ काढली, दोनतीनदा धुतलं, तरी तेच. बौदी त्याच विणीची पातळं नेसायच्या, त्यांना काही नाही. त्यांचं एक लाल काठाचं मी मागून नेसले, मलाही काही नाही. मग ह्यांनी आणलेली सगळी पातळं पलंगावर पसरली आणि माझ्या लक्षात आलं... ती सगळी निळी होती. कुठलं गडद, कुठलं फिकं, पण सगळी निळीच.

डॉक्टरबाबू खूश झाले. म्हणाले, झालं तर मग, निळा रंग तुम्हाला मानवत नाही, नेसू नका.

मी नाचत घरी आले. ह्यांना म्हटलं, "तिकीट रद्द करा! भूत नाही, बित नाही, निळ्या रंगाचा प्रताप आहे!"

मला वाटलं होतं, हे हसतील. हे खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "निळा?" तिकीट रद्द करतो असं काही म्हणेनात.

अष्टमीच्या सकाळी मी न्हाऊन आले, तर ह्यांनी आपल्या ट्रंकेच्या तळातून एक पुडकं काढून माझ्यासमोर धरलं. आत नवं शांतिपुरी पातळ. निळं!

माझं डोकंच फिरलं. "इतकी घाई झालीय का मला पाठवायची?"

"एकदा नेस," हे म्हणाले. "आजचा दिवस. मग सांगतो."

"उठू देत गांधी! नेसते!" मी तणतणत आत गेले. इतक्या रागात होते की देवघरासमोर थांबले नाही, कुंकू लावलं नाही, 'ताई, घ्या' म्हटलं नाही. करकरीत घडी मोडली आणि नेसले.

दिवसभर पूजेच्या मंडपात होते. ढाक वाजत होते, धुनुचीतल्या धुपाचा धूर, गर्दी, घाम. पंगतीत बसून भोगाची खिचडी खाल्ली. बौदी दर थोड्या वेळाने माझा पदर वर करून दंड तपासत होत्या आणि "किच्छू ना!" म्हणत होत्या. काहीच नाही, एक ठिपकासुद्धा नाही. मी स्वतःच खाज सुटायची वाट बघत होते, आणि अंग गार, स्वच्छ... लहानपणी न्हाऊन आल्यावर वाटायचं तसं.

संध्याकाळी आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. ह्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला, उलटा केला, सुलटा केला. आणि तिथे, चार लोकांत, हा माणूस रडायला लागला.

"ते तिचं आहे," हे म्हणाले. "कुसुमचं. अष्टमीला नेसायचं म्हणून आणलं होतं. घडीसुद्धा मोडली नाही तिने, आधीच ताप भरला."

मी पदराचं टोक हातात घेऊन पाहिलं.

"तिला निळाच आवडायचा. ती गेल्यावर... तुझ्यासाठी म्हणून दुकानात जायचो गं, खरंच तुझ्यासाठी, पण हात निळ्यावरच जायचा. त्याच दुकानात, त्याच गठ्ठ्यावर. डॉक्टर निळा म्हणाले तेव्हा मला धडकी भरली. म्हटलं, तिला तू चालत नसशील तर तिच्या पातळाने तर तुझं अंग पेटेल. तसं झालं असतं ना, तर उद्याच तुला गाडीत बसवून दिलं असतं."

त्या दिवशी हे तिच्याबद्दल बोलले. ती जहाजांना गच्चीवरून हात करायची. कुणी खलाशी उलट हात हलवेपर्यंत खाली यायची नाही. बंगाली दुकानदारांशी सातारी मराठीत भांडायची आणि जिंकायची. पुरणपोळी मात्र तिला कधी जमली नाही. मी ऐकत होते, आणि मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करते. पण त्याहून जास्त मला ती आवडली. एवढा काळ गळ्यात होती, ओळख आज झाली.

तिकीट रद्द झालं. पूजा संपल्यावर हे मला त्या दुकानात घेऊन गेले. गादीवर बसवलं आणि विचारलं, "तुला कुठला रंग आवडतो?"

माहेरी आई घ्यायची ते नेसले, इथे हे आणायचे ते. मला कुणी विचारलंच नव्हतं. दुकानदार थानांवर थानं उलगडत होता, हे शांतपणे वाट बघत होते, आणि मी वेड्यासारखी रडत होते. शेवटी एक उचललं — जर्द पोपटी. ह्यांच्या कपाळावर आठी पडली, पण पैसे मोजून दिले. ते पातळ मी फाटेपर्यंत नेसले. काही झालं नाही.

मग पुढे काही दिवसांनी, शास्त्रातला प्रयोग म्हणून, ह्यांनी माझ्यासाठी आणलेल्या निळ्यांपैकी एक पुन्हा नेसून पाहिलं. तासाभरात गांधी. तिचं नेसलं — काही नाही. एकच दुकान, एकच विणकर, एकच रंग. दुकानदारानेही शपथेवर तेच सांगितलं. ते तिचं पातळ मी त्यानंतर दर अष्टमीला नेसले, कलकत्ता सुटेपर्यंत.

माझी नात त्वचेची डॉक्टर आहे. ती म्हणते, "आजी, ट्रंकेत राहून रंगातलं रसायन बदललं असेल." असेल बाई. मनाचे खेळ म्हणावेत तर ते पातळ कुणाचं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तर गांधींची वाट बघत होते. कधी वाटतं, बाकीची पातळं मी तिला 'घ्या' म्हटलं आणि तिने खरंच घेतली. ह्यांनी आणली होतीच तिच्यासाठी. मग मी दुसऱ्याचं नेसत होते. आणि तिचं स्वतःचं होतं ते तिने मला दिलं. पण हे म्हातारीचं बोलणं झालं, कारण नव्हे. वडील असते तर पेपर बाजूला ठेवून काहीतरी सांगितलं असतं त्यांनी.

मला अजून माहीत नाही. आता फार दिवस उरले नाहीत, तेव्हा ताईलाच विचारीन म्हणते. हे जाऊन बरीच वर्षं झाली. तिकडे दोघं एकत्र असतील. मी पोचले की त्यांनी मला ओळखावं, एवढं मात्र मनात येतं... म्हणून लेकीला सांगून ठेवलंय, मला नेताना पोपटी नेसव.