मे महिन्यातला मफलर

आमच्या घराण्यात भर मे महिन्यात लोकरी मफलर गुंडाळून मुलगी बघायला गेलेला मी एकटाच.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं केली. हुबळीच्या कमरीपेठेत आमचं कापडाचं दुकान. तेव्हा नायलॉनच्या शर्टांची फॅशन होती आणि तसला शर्ट घालून मी दिवसभर गादीवर घाम गाळत बसे (विक्री मात्र वडील, म्हणजे अप्पाच करत). एकदा माझ्या मानेकडं बघताना अक्काचा आवाज एकदम उतरला. "अप्पा, हे पांढरं काय? कोड तर नव्हं?"

घर गार पडलं. त्या काळी हा शब्द शेजारी नुसता ऐकू गेला, तरी घरातली लग्नं मोडायची. आणि माझं तर जुळण्याच्या बेतात होतं! डॉक्टरकडं गेलो तर पेठेत बभ्रा होणार, म्हणून आईनं उपचार स्वतःच्या हाती घेतले. सकाळ-संध्याकाळ कोमट खोबरेल! डाग मानेवरून पाठीवर गेले, पाठीवरून छातीवर आले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या आरशात मी चोरून बघे आणि घाईनं कॉलर वर ओढून घेई. आई घाबरून आणखी तेल चोळे.

निपाणीला मुलगी बघायला निघताना अप्पांनी मफलर पुढं केला. "घसा बसलाय म्हणून सांगू. तू तोंड उघडायचं नाही."

मुलीच्या वडिलांना माझा कळवळा आला. त्यांनी सुंठीचा काढा मागवला, तोही उकळता! तो पोटात गेला आणि मी घामाच्या धारांत सतरंजीवर आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा मफलर मुलीच्या हातात होता आणि सगळं घर माझ्या मानेकडं बघत होतं. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

मुलगी जरा वाकली. "शिबं आहेत ही. आमच्या दादाला झालेली. डॉक्टर म्हणाले, बुरशी असते, घामा-तेलावर पोसते. कोड नव्हे. ह्यांना तेल कोण चोळतंय?"

आई छताकडं बघू लागली.

हुबळीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेल बंद केलं आणि अंगाला लावून धुवायचं औषध दिलं (वास नासक्या अंड्याचा). बुरशी लवकर गेली, कातडीचा रंग परतायला मात्र महिने लागले. तोवर लग्नही होऊन गेलं.

पुढं एकदा बायकोला विचारलं, त्या दिवशी डाग बघून तुला भीती नाही वाटली?

"डागांची कशाला? त्यांना औषध होतं," ती म्हणाली. "मे महिन्यात मफलर गुंडाळून येणाऱ्या डोक्याला काय लावायचं, याची भीती होती. अजून आहे."