कावळ्याला न दिलेला पिंड

…हां, तर इंग्लंडातल्या थेटफर्डच्या पाइनच्या जंगलालगतच्या शेतात करवानक पक्ष्यानं उघड्या जमिनीवर अंडी घातली होती. शेतकऱ्यानं तेवढा तुकडा नांगरायचा सोडला होता. आमची शैला आणि तिचा नवरा शशी पाळीपाळीनं राखण करायचे. शैला नर्स, ड्यूटी संपली की थर्मास घेऊन बाई थेट शेताच्या बांधावर! भीती कावळ्यांची. मागच्या वर्षीची अंडी त्यांनीच फस्त केली होती, तेव्हा शशी दोन दिवस जेवला नव्हता.

आणि यंदा शशीच गेला, हार्ट अटॅकनं. मी म्हटलं, "दहाव्याचा पिंड तिथंच ठेवू. त्याची आवडती जागा." शैलानं भाताचा पिंड केला, गाडीतून तिथवर आणलाही. पाइनच्या शेंड्यांवर कावळे ओरडत होते. तिनं अंड्यांवर बसलेल्या करवानकाकडे दुर्बिणीतून पाहिलं, आणि पिंड परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

"अगं, कावळा शिवला नाही तर शशीचा जीव अडकून राहील ना!"

डोळे पुसत ती म्हणाली, "राहू दे, अण्णा. तेवढाच माझ्याजवळ राहील. पण कावळ्यांना या अंड्यांची वाट मी नाही दाखवणार."