वैशालीने माझ्यावर लिहिलेली वाक्यं

मंडळी, आज रागातच लिहितेय. मुलुंडच्या माझ्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या वैशालीला मी इंग्रजी शिकवते. सध्या साधा वर्तमानकाळ चालू आहे. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी तो पट्टीने शिकवला, मी फक्त जिभेने मारते.

काल गृहपाठ दिला होता: ओळखीच्या माणसाच्या रोजच्या सवयी लिही. पठ्ठीने माझ्यावरच लिहिलं!

‘काकू मेक टू कप टी. काकू ड्रिंक वन.’

मी लाल पेन उचललं. “मेक्स! ड्रिंक्स! एस कुठे गेला गं? पोळीबरोबर खाल्लास?”

“एस घालते, काकू. पण बाकी बरोबर आहे ना?”

“दुसऱ्या कपाचं तुला कोणी सांगितलं?”

“गार झालेला चहा रोज मीच ओतून कप घासते ना. काका जाऊन दोन वर्षं झाली, काकू.”

मी वही मिटली आणि तिच्यावर उगाचच ओरडले.

दुपारी लेकाचा फोन आला. “आई, कशी आहेस?”

“मजेत,” मी नेहमीसारखं म्हटलं. त्यानेही नेहमीसारखं लगेच मानलं.

तुम्ही काय सांगता हो मुलांना?